हरण्याआधीचा खळगा

दिवाळीच्या पाडव्याला नवरा-बायकोनं सारीपाट खेळायचा आणि नवऱ्यानं हरायचं, अशी थाटीपुरातल्या त्या घरची रीत होती. खेळायची रीत तशी पुष्कळ घरांची. शिंद्यांच्या दरबाराबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आलेल्या कितीतरी मराठी घरांत त्या दिवशी पट निघतो. हरायची रीत मात्र सदाशिवराव काकांनी स्वतः पाडलेली. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला ते जिंकले आणि नवी नवरी शरयू जेवताना एक शब्द बोलली नाही. काका पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. एकदा फुटलेला बांध दुसऱ्यांदा फुटू द्यायचा नाही, हे त्यांचं ब्रीद. पुढच्या वर्षीपासून ते हरू लागले, ते आजतागायत, सलग सेहेचाळीस वर्षं.

हरण्यातही त्यांनी एक सफाई कमावली होती. सोंगटी घरात न्यायची वेळ आली की नेमकी भलतीच पुढे ढकलायची, आणि ती मारली गेली की कपाळावर हात मारून घ्यायचा. साऱ्या नात्यागोत्याला हे ठाऊक होतं. शरयूमावशीला तेवढं ठाऊक नाही, असं काका धरून चालले होते.

यंदाच्या उन्हाळ्यात मावशीला जिना चढताना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप आकसली होती. बदलली तर अजून दहा-पंधरा वर्षं मजेत जातील, डॉक्टर म्हणाले; नाही बदलली तर वर्षाची खात्री देत नाही. मावशीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि नको म्हणून सांगितलं. एकाहत्तर वर्षं झाली, संसार झाला, आता ह्यांच्या आधी सवाष्ण जायचं, छाती चिरून घ्यायची नाही, असं ती किराण्याची यादी सांगावी तशा आवाजात म्हणाली. टोरांटोहून मुलानं, अंबरीशनं, रोज फोन केले. काकांनी रागावून जेवण सोडलं. मावशीनं त्या दिवशी भरली वांगी केली आणि काकांनी जेवण पुन्हा धरलं.

शेवटी नवरात्रात तिनंच तोड काढली. "पाडव्याला खेळू," ती म्हणाली. "तुम्ही जिंकलात तर निमूट दवाखान्यात जाईन. मी जिंकले तर हा विषय घरात पुन्हा निघायचा नाही."

काकांची मोठी पंचाईत झाली. ही पैज बरोबरीची नाही, असं म्हणावं तर का नाही ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं तर सेहेचाळीस वर्षांचं गुपित फुटणार. त्यांनी पैज घेतली. आजवर जिंकणं मनावर घेतलं नव्हतं एवढंच, असं त्यांनी यशश्रीला बाजूला घेऊन सांगितलं, पण सांगताना ते सारखा चष्मा पुसत होते.

यशश्री ही मावशीची भाची. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि तेव्हापासून याच घरात वाढली. मावशीनं तिची वेणी घातली, काकांनी तिला त्रिकोणमिती शिकवली. आता पस्तिशीची यशश्री फूलबागेजवळच्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवायची, आणि तिच्या संशोधनाचा विषय ऐकून अजूनही लोक हसायचे: जुगारात जिंकताना आणि हरताना मेंदूत काय होतं.

होतं ते असं. माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची आणि त्याला संगणकावर दोन पत्त्यांतला एक निवडायला लावायचं. निवडला की क्षणभरानं पडद्यावर हिरवी खूण येते किंवा लाल. लाल आली, म्हणजे माणूस हरला, की साधारण पाव सेकंदानं कपाळाच्या वरच्या भागातली लहर खाली जाते. एका वेळची लहर गोंगाटात दिसत नाही; पन्नास-शंभर वेळा हरवून सरासरी काढली की तो उतार स्वच्छ उमटतो. यशश्री त्याला खळगा म्हणायची. जिंकलेल्या माणसाच्या लहरीत तो नसतो. माणूस तोंडानं काही म्हणो, चेहरा कितीही कोरा ठेवो, खळगा खोटं बोलत नाही, आणि यशश्रीचा जगात सर्वांत जास्त विश्वास त्याच्यावर होता.

तिची अडचण एवढीच की विद्यार्थी खोट्या गुणांसाठी खेळायचे, आणि मेंदूला हे पक्कं कळायचं. तिला म्हातारी जोडपी हवी होती, आणि खरोखर काहीतरी पणाला लागलेलं हवं होतं. मावशीच्या पैजेचा तिच्या मनात विचार आला आणि तिची तिलाच लाज वाटली. पण मावशीनंच विषय काढला. "तुला म्हातारे पाहिजेत ना? आम्ही दोन आहोत. हाताशी आहोत, फुकट आहोत." काकांनी संमतीपत्राची चारही पानं वाचून, दुसऱ्या पानावर व्याकरणाची एक चूक दाखवून मग सही केली. पाडव्याचा डाव घरीच नोंदवायचा, आणि त्याआधी तीनदा प्रयोगशाळेत यायचं, असं ठरलं.

प्रयोगशाळा म्हणजे जुन्या इमारतीतली, मधे काच घातलेली एक लांबट खोली. यंत्रं दौलतसिंह सांभाळायचे. भिंडकडचे, निवृत्तीला चार वर्षं राहिलेले, हात अतिशय हलका. मावशीच्या केसांना तेल होतं म्हणून तारा चिकटेनात. पुढच्या वेळी तेल न लावता या, असं दौलतसिंहांनी हात जोडून हिंदीत विनवलं, आणि दिवाळीच्या महिन्यात तेल लावायचं नाही म्हणजे काय, असं मावशी मराठीत पुटपुटली. दोघांच्या टोप्या चढल्या. समोरासमोर खुर्च्या, बाजूला दोघांना दिसेल असा संगणकाचा पडदा. एक डाव काकांचा, एक मावशीचा. दुसऱ्यानं नुसतं बघायचं.

"मावशी, बस दोन मिनट. हिलना मत, अच्छा? मान सैल सोड," यशश्री म्हणाली, आणि सुरुवात झाली.

त्या पहिल्या दिवसाचे आलेख पाहून तिला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. काका स्वतः हरले की काकांची लहर ढिम्म. मावशी हरली की मात्र खोल खळगा. मावशीचंही तसंच: स्वतःच्या हरण्याची दखलच नाही, आणि काका हरले की पाव सेकंदानं सरळ उतार. जिवलग माणसाचं हरणं मेंदूला थोडंफार आपलंच वाटतं हे तिला वाचून माहीत होतं, पण स्वतःचं हरणं अजिबात न वाटणारी दोन डोकी तिनं प्रथमच पाहिली. तिनं छापलेला आलेख दोघांना दाखवला. काकांनी तो आडवा-उभा धरून पाहिला आणि मावशीकडे न बघता घडी घालून खिशात ठेवला.

दुसऱ्या खेपेला मावशीच्या आलेखात खळगा चुकीच्या जागी पडला. लाल खूण उमटायच्या अर्धा सेकंद आधी.

यशश्रीनं तो दौलतसिंहांना दाखवला. टाइमिंगची गडबड आहे, ते म्हणाले, मशीन बूढ़ी है. यंत्र म्हातारं होतं हे खरंच. पण तेच यंत्र, तीच घड्याळं काकांच्या डोक्यालाही जोडलेली होती, आणि काकांचा खळगा जागच्या जागी होता. तारा बदलल्या. पडद्याच्या कोपऱ्यात दौलतसिंहांनी उजेड टिपणारा एक छोटा डोळा चिकटवला. खूण ज्या क्षणी पडद्यावर उजळेल त्याच क्षणाची नोंद होईल, मग कोणाच्या चुकीला वावच नाही. यशश्रीनं स्वतःच्या डोक्यावर टोपी चढवून तासभर खेळून पाहिलं. तिचा खळगा पुस्तकात दाखवतात तिथेच पडला.

तिसऱ्या खेपेला मावशीचा खळगा चार सेकंद आधी आला.

चार सेकंद आधी काकांनी पत्ताही निवडलेला नव्हता. त्यांचं बोट दोन बटणांच्या मधे घुटमळत होतं. आणि हिरवं की लाल हे संगणक बटण दाबल्यावरच ठरवायचा. ते ठरवणारी ओळ यशश्रीनं स्वतः लिहिली होती. तिनं ती तीनदा वाचली.

दौलतसिंहांनी आलेखाकडे पाहिलं, मग काचेपलीकडे बसलेल्या मावशीकडे, आणि चहा सांगायला निघून गेले.

टोपी काढून केसांतला चिकट लेप पुसताना यशश्रीनं सहज विचारावं तसं विचारलं, खेळताना तुझ्या मनात काय चालतं?

"काय चालणार? ह्यांचं तोंड बघत असते." मावशीनं कानामागचा लेप बोटानं टिपला. "हे हरणार असले की मला आधीच कसंतरी होतं. पोटात खड्डा पडतो."

"केव्हापासून होतं असं?"

"उन्हाळ्यापासून. आधी वाटायचं झडपेचंच असेल." मग तिनं टॉवेल यशश्रीच्या हातात दिला. "ह्यांना सांगू नकोस. उगाच डॉक्टरकडे नेतील."

धनत्रयोदशीला काका सराफ्यात गेले. दरवर्षी एक चांदीची छोटी वस्तू घ्यायची त्यांची पद्धत. गर्दीत धक्का लागून चष्मा पडला आणि कोणाच्या तरी पायाखाली चुरा झाला. काका घरी येऊन मोठ्या कौतुकानं सांगत होते की नशीब बघा, सदऱ्याच्या खिशात हात घातला तर जुना चष्मा! तो तिथे आला कसा हे त्यांना आठवत नव्हतं. यशश्रीनं मावशीकडे पाहिलं. मावशी चकल्या मोजून डब्यात भरत होती, आणि तिनं मान वर केली नाही. सकाळी इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी सारताना यशश्रीनं तिला पाहिलं होतं.

भीती म्हणावी असं यशश्रीला काही वाटलं नाही. जिनं तुम्हाला वयाच्या बाराव्या वर्षापासून गरम पोळी वाढली तिची भीती कशी वाटणार? तिला वाटलं ते निराळंच: या बाईचा सगळा जीव त्या एका माणसात इतका गुंतला आहे की तो आता काळाच्याही पुढे सांडायला लागला आहे. हे वाक्य कुठल्याही शोधनिबंधात घालता येणार नव्हतं. तिनं ते कुणाजवळ उच्चारलंही नाही.

पाडव्याला सकाळी मावशीनं काकांना ओवाळलं. दुपारी जेवणं झाल्यावर बाहेरच्या खोलीत सतरंजी पडली. गच्चीच्या दारातून ऊन येत होतं. दौलतसिंह सुट्टीच्या दिवशीही आवर्जून आले होते; त्यांनी दोघांच्या टोप्या बसवल्या, यंत्राची छोटी पेटी टेबलावर ठेवली, तिवईवर कॅमेरा लावला. तारांच्या टोप्या घालून, नव्या कपड्यांत, मांडी घालून बसलेले ते दोघं इतके गोड दिसत होते की यशश्रीनं आधी मोबाइलवर फोटो काढला आणि मगच यंत्र चालू केलं.

खेळ सोपा. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. कवड्या टाकायच्या, पडेल त्या दानानं सोंगट्या पटावरून फिरवून मधल्या घरात न्यायच्या; चारही आधी नेईल तो जिंकला. फुल्यांच्या घरांवर सोंगटी सुरक्षित. इतरत्र एकटी सापडली तर ती मारता येते, आणि मेलेली सोंगटी पहिल्यापासून निघते.

अर्ध्या तासात काकांना घाम फुटला. जिंकायचं कसं हे ते खरोखरच विसरले होते. मावशीची सोंगटी समोर उघडी पडलेली, दानही बरोबर पडलेलं, आणि काकांचा हात तिला वळसा घालून पलीकडची निरुपद्रवी सोंगटी सरकवून मोकळा झाला. मग ते आपल्या हाताकडे बघतच राहिले. सेहेचाळीस वर्षांची सवय हातात मुरली होती. त्यांनी कपाळावर हात मारला, आणि या वेळी तो खरा होता.

मावशीच्या दोन सोंगट्या घरात गेल्या. तिसरी घरापासून तीन पावलांवर आली. चौथी तिच्या मागेच एका फुलीवर निवांत बसलेली. काकांची एकच घरात होती.

"शरयू," काका हळूच म्हणाले. यशश्रीनं त्यांना मावशीला नावानं हाक मारताना कधी ऐकलं नव्हतं.

मावशीनं कवड्या टाकल्या. तीन पडले.

यशश्रीला या खेळातलं फारसं कळत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की मावशीनं थोडा वेळ घेतला, मग फुलीवरची सोंगटी उचलून तीन घरं पुढे ठेवली. काकांनी कवड्या टाकल्या, दान पाहिलं, दोनदा मोजलं आणि ती सोंगटी मारली. त्यानंतर डावच फिरला. मावशीला दान पडेना, काकांना पडायचं थांबेना. वीस मिनिटांनी काकांनी चौथी सोंगटी घरात ठेवली आणि दोन्ही हात पटावर पालथे ठेवून ते रडायला लागले.

मावशीनं पदरानं त्यांचे डोळे पुसले. "जिंकल्यावर रडतं का कोणी?" ती म्हणाली. "उद्याच फोन करा डॉक्टरांना."

भाऊबीज झाली, महाविद्यालय उघडलं, आणि यशश्रीनं दौलतसिंहांबरोबर पाडव्याची नोंद लावली. काकांचे आलेख नेहमीसारखे. मावशीचं दान वाया गेलं, तिची सोंगटी मेली, की पाव सेकंदानं खळगा. मावशीच्या आलेखात मात्र काहीच नव्हतं. काकांच्या सोंगट्या तीनदा मेल्या, कितीतरी दानं फुकट गेली, आणि तिची लहर सपाट वाहत होती, जणू पटावरचं हे हरणं हरण्यात जमाच नव्हतं.

एकच जागा होती.

तिथे सरासरी काढावी लागली नाही. गोंगाटातून, नुसत्या डोळ्यांना दिसेल असा खळगा, एकूण एक तारांवर. इतका खोल की आलेखाची खालची कड ओलांडून गेला होता. दौलतसिंहांनी तारांच्या जोडण्यांच्या नोंदी तपासल्या. सगळ्या घट्ट होत्या.

त्यांनी कॅमेऱ्यातली तीच वेळ काढली. तीनचं दान पडलेलं. मावशीचा हात घरापासून तीन पावलांवरच्या सोंगटीवर आलेला. ती उचलली की तिसरी घरात, चौथी फुलीवर सुरक्षित. हात तसाच हवेत थांबला. सात सेकंद. मग तो फुलीवरच्या सोंगटीकडे वळला.

"मैडम, हमारे गाँव में चौसर खूब होता है," दौलतसिंह म्हणाले. "यह चाल बच्चा भी नहीं चलेगा."

यशश्रीनं नोंद पुढे नेली. मावशीचा खळगा काकांच्या हरण्याचा. तेवढं एक नक्की होतं. मग काका हरले कधी? त्या खळग्यानंतर काका एकदाही हरले नव्हते. सोंगटी मारली, दानं पडली, डाव जिंकला, रडले, पाणी प्याले. तिनं एकेक मिनिट पाहिलं, शेवटी दौलतसिंह यंत्र बंद करायला वाकतात तिथपर्यंत.

हरणं नोंदीच्या आत नव्हतं. ते तिच्या पुढे कुठेतरी होतं.

काकांजवळ हरण्यासारखं असं होतं काय? एकच माणूस. ऑपरेशन नऊ दिवसांवर होतं.

ती तशीच थाटीपुरात गेली. काका औषधं आणायला मुरारला गेले होते. मावशी फराळाचे रिकामे डबे उन्हात पालथे घालत होती.

"मावशी, तू मुद्दाम हरलीस."

"ते सेहेचाळीस वर्षं हरले. मी एकदा हरले तर तुझं यंत्र लगेच चुगली करायला आलं?"

म्हणजे तिला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. एरवी यशश्री यावर पोट धरून हसली असती. ती मावशीच्या शेजारी गच्चीच्या उंबऱ्यावर बसली. लांब किल्ल्याची तटबंदी उन्हात पिवळी दिसत होती. मग ती अडखळत बोलली, की इतके दिवस मीही तुझ्या मागे लागले होते, पण आता नको करूस ऑपरेशन. काकांना मी समजावते. थोडे दिवस मिळाले तरी ते आपले.

"तुला वाटतं मी टेबलावरच जाईन." मावशी अगदी साधेपणानं म्हणाली.

"तुला काय वाटलं त्या वेळी? हात थांबला होता तुझा."

"मला दिसत-बिसत काही नाही ग. खड्डा पडतो, एवढंच. या वेळचा मोठा होता." तिनं एक डबा उचलून आत पाहिलं, फुंकर मारून परत ठेवला. "आधी जायचा हट्ट होता माझा. सोडला. दवाखान्यात जाणार मी. आणि यशू, ह्यांच्याजवळ यातलं अक्षर काढू नकोस. त्यांना पोटभर जिंकू दे."

यशश्रीनं अक्षर काढलं नाही. ते नऊ दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. काका मात्र गल्लीभर सांगत सुटले होते. भाजीवाल्याला, गॅसवाल्याला, शेजारच्या तोमर बाईंना. इस बार हमने हरा दिया, असं म्हणून ते छाती पुढे काढायचे. मावशी दारात उभी राहून ऐकायची, आणि कधी नव्हे ते त्यांना थांबवायची नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सातला नर्स आली. अंगावरचं सगळं काढावं लागेल, म्हणाली. बांगड्या साबणाच्या पाण्यानं उतरवल्या. मंगळसूत्र काढलं. कपाळ पुसलं. सगळं एका पिशवीत घालून यशश्रीच्या हातात दिलं. काका दुसरीकडे तोंड करून खिडकीबाहेर बघत होते. आत नेताना मावशीनं त्यांच्याकडे इतका वेळ पाहिलं की वॉर्डबॉय घुटमळला.

साडेचार तास.

यशश्री दारावरचा लाल दिवा बघत बसली. काका शेजारी बसून शब्दकोडं सोडवत होते आणि एकही शब्द लिहीत नव्हते.

मग सर्जन बाहेर आले. तोंडावरची पट्टी खाली ओढून म्हणाले, सब बढ़िया. झडप छान बसली आहे, हृदय उत्तम चाललं आहे, संध्याकाळपर्यंत शुद्धीवर येतील.

यशश्री तिथेच बाकावर बसून मोठ्यानं रडली. आयुष्यात पहिल्यांदा आपलं शास्त्र चुकलं याचा तिला इतका आनंद झाला होता. तिनं दौलतसिंहांना फोन लावला. मशीन बूढ़ी है, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, ते पलीकडून म्हणाले. काकांनी साऱ्या मजल्याला चहा पाजला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीला खोलीत हलवलं. खिडकीतून ऊन येत होतं. ओठांना रंग आला होता. काका तासभर तिच्या उशाशी बसले, वर्तमानपत्र वाचून दाखवलं, मधेच पाडव्याचा डाव पहिल्यापासून सांगितला. ती हसत होती. मग पेशंटला तिळगुळाची गजक कधीपासून चालेल, हे विचारायला ते बाहेर नर्सकडे गेले.

यशश्रीनं पिशवी उघडली. "चल, आता माणसांत ये," ती म्हणाली आणि बांगड्या काढल्या.

मावशीनं हात वर करून दाखवला. सलाइननं सुजला होता. यशश्रीनं बांगड्या परत ठेवल्या आणि मंगळसूत्र घेतलं.

"टाके आहेत ग."

तेही खरं होतं. मग तिनं पिशवीच्या तळातून कुंकवाची डबी काढली, झाकण उघडलं, अनामिका बुडवली आणि मावशीच्या कपाळाशी नेली.

मावशीनं मान बाजूला वळवली. हळूच, तिला वाईट वाटू नये अशी.

"राहू दे आता," ती म्हणाली. "दोन-चार दिवसांसाठी कशाला."

यशश्रीचं बोट तसंच राहिलं. बाहेर काका मोठ्यानं हसत होते. हमारी मिसेज़ को हराना आसान नहीं है, ते नर्सला सांगत होते, पर हमने हरा दिया.

"दार तेवढं उघडं ठेव," मावशी म्हणाली. "ह्यांचा आवाज येऊ दे."